साथ कोणी आणली? विषाणूच्या जनुकक्रमातून काय कळते आणि काय कळत नाही

डॉक्टर, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या चार वाड्यांत गणेशोत्सवाच्या आगेमागे चिकुनगुन्याची साथ पसरली. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी ती आणली असे गावात उघड बोलले जाते आणि दोन घरांशी तर लोकांनी येणे-जाणे तोडले आहे. रुग्णांच्या रक्तातील विषाणूचे जिनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याच्या जनुकसंचातल्या अक्षरांचा क्रम लावणे, करून साथ नेमकी कोणी आणली हे सिद्ध करता येईल का, आणि येत असेल तर नमुने कसे पाठवावेत, असे आपण विचारले आहे. डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचे जनुकक्रम लावण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करत आलो आहे. हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर कोणीतरी विचारतेच, म्हणून सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर असे की कोणी आणली हे जनुकक्रमातून सिद्ध होत नाही. विषाणू कोणत्या वंशाचा आहे, त्याचे जवळचे नातलग याआधी कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या वर्षी सापडले, आणि तो आपल्या भागात साधारण किती काळापासून फिरत असावा, एवढे सांगता येते. तो कोणाच्या घरातून कोणाच्या घरात गेला हे सांगता येत नाही. यंत्र कमी पडते म्हणून असे होत नाही. विषाणू ज्या वेगाने बदलतो त्या वेगातच ही मर्यादा आहे, म्हणून आधी तो हिशेब मांडतो.

चिकुनगुन्याचा जनुकसंच म्हणजे सुमारे ११,८०० अक्षरांची आरएनएची एकेरी साखळी. पेशीत तिच्या नकला तयार होताना चुका होतात. बऱ्याच चुका विषाणूलाच मारक ठरून नाहीशा होतात आणि काही टिकतात. साथीच्या काळात टिकणाऱ्या बदलांचा वेग मोजला, तर पूर्ण साखळीत वर्षाकाठी साधारण ५ ते १० बदल दिसतात, म्हणजे एक बदल दिसायला सरासरी ५ ते १० आठवडे जातात. उलट बाजूने पाहा. हा विषाणू वाहणाऱ्या एडिस डासाची मादी बाधित माणसाला चावल्यापासून विषाणू तिच्या आतड्यातून लाळेपर्यंत पोहोचायला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि ती पुढच्या माणसाला चावल्यावर त्याला ताप यायला आणखी ३ ते ७ दिवस लागतात. म्हणजे एका माणसापासून दुसऱ्यापर्यंतचा एक फेरा साधारण दोन-अडीच आठवड्यांचा झाला. साखळीत एक अक्षर बदलेपर्यंत विषाणूने दोन-चार फेरे पुरे केलेले असतात, आणि प्रत्येक फेऱ्यात एक डास असतो जो कोणी पकडलेला नसतो. त्यामुळे एका वाडीतल्या दहा रुग्णांचे जनुकक्रम अक्षरन् अक्षर सारखे निघाले तर त्यात नवल नाही, आणि त्या सारखेपणावरून विषाणू अमुक घरातून तमुक घरात गेला की त्याच्या उलट, हे ठरवायला काही आधार उरत नाही.

वाड्यांमधले अंतर सोडून प्रदेश आणि वर्षे यांच्या मापावर आलो की हेच साधन फार समर्थ ठरते, आणि त्याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण आपल्या चिकुनगुन्याचेच आहे. हा आजार प्रथम ओळखला गेला तो १९५२-५३ मध्ये, आजच्या टांझानियातल्या माकोंडे पठारावर. चिकुनगुन्या हे नाव तिथल्या भाषेतले असून सांधेदुखीने माणूस वाकतो असा त्याचा रोख आहे. भारतात तो १९६३ मध्ये कोलकात्यात, १९६४ मध्ये चेन्नईत आणि १९६५ मध्ये नागपुरात आढळला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला मोठी साथ झाली आणि त्यानंतर ३२ वर्षे या विषाणूचे नाव जवळजवळ विस्मरणात गेले. २००५ च्या अखेरीस तो पुन्हा उफाळला आणि बघता बघता १३ राज्यांत १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या वेळी अनेकांचा समज असा होता की जुनाच विषाणू कुठेतरी दबून होता आणि १९७३ नंतर जन्मलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या पिढीत तो पुन्हा पेटला. हा समज अवास्तव मुळीच नव्हता.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत १९६३ आणि १९७३ च्या साथींतले विषाणू जपून ठेवलेले होते. ते आणि २००६ चे विषाणू शेजारी शेजारी ठेवून पूर्ण जनुकक्रम लावल्यावर चित्र पालटले. जुने विषाणू आशियाई जनुकप्रकाराचे होते आणि नवे पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी प्रकाराचे. म्हणजे जुने काही जागे झाले नव्हते. वेगळ्याच वंशाचा विषाणू देशात आलेला होता. यात एक धागा असा आहे की जो मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या यवत इथे २००० साली पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून चिकुनगुन्याचा विषाणू वेगळा करून ठेवलेला होता, आणि तोही आफ्रिकी प्रकाराचाच निघाला. देशभर साथ उसळण्याआधी पाच वर्षे हा प्रकार पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका गावातल्या डासांत होता. कोणीतरी त्या वर्षी डास पकडले, जातीनुसार वेगळे केले, गावाचे नाव आणि तारीख लिहून ते गोठवले, म्हणून हे आज आपल्याला माहीत आहे. त्या एका नोंदीवरून २००५ ची साथ यवतच्याच विषाणूपासून झाली असे म्हणता येत नाही. मात्र आफ्रिकी प्रकार देशात पहिल्यांदा २००५ सालीच आला हे म्हणणे त्या नोंदीने कायमचे मोडीत काढले.

दुसरा धडा हिंदी महासागरातल्या बेटांचा आहे. २००५-०६ मध्ये रियुनियन बेटावर जवळजवळ एकतृतीयांश लोकसंख्येला चिकुनगुन्या झाला, आणि तिथले विषाणू व भारतातले विषाणू ९९.९ टक्के जुळणारे निघाले. साहजिकच विषाणू बेटांवरून भारतात आला असे बोलले जाऊ लागले. पुढे आफ्रिकेतले अधिक नमुने वंशवृक्षात, म्हणजे जनुकक्रमांच्या सारखेपणावरून काढलेल्या नात्यांच्या आराखड्यात, बसवल्यावर बेटांची फांदी आणि भारताची फांदी अशा दोन फांद्या दिसल्या. दोन्ही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून, जिथे २००४ मध्ये केनियातल्या लामू आणि मोंबासा इथे साथ झाली होती, स्वतंत्रपणे निघाल्या होत्या. दोन भावंडे एकमेकांसारखी दिसतात म्हणून त्यातला एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. आपल्या वाडीतला विषाणू मुंबईच्या विषाणूशी तंतोतंत जुळला तरी नेमकी हीच गोष्ट लागू होते: मुंबईहून कोकणात आला, कोकणातून मुंबईत गेला, की दोन्हीकडे तिसऱ्याच ठिकाणाहून आला, या तिन्ही शक्यता त्या जुळण्यात बसतात, आणि मुंबईचे शंभर नमुने व आपले चार अशा मापाने वृक्ष काढला तर मूळ मुंबईकडे झुकलेले दिसण्याची शक्यता वाढते.

हा झुकाव कसा येतो ते नीट समजून घ्यावे, कारण वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या बाणांच्या नकाशांत तो दिसत नाही. वृक्ष फक्त आलेल्या नमुन्यांचा असतो. ज्या तालुक्यातून एकही नमुना आला नाही त्या तालुक्यातून विषाणू गेला असला तरी वृक्षाला ते कळण्याचा मार्ग नाही. तो बाण आपोआप जवळच्या, भरपूर नमुने देणाऱ्या शहराला जोडला जातो.

तरीही थोडे पण योग्य ठिकाणचे नमुने केवढे काम करतात याचे उदाहरण ब्राझीलचे आहे. तिथे झिकाची, म्हणजे एडिस डासांमार्फतच पसरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूची, ओळख पटली मे २०१५ मध्ये. २०१६ च्या जून महिन्यात संशोधकांनी एका बसमध्ये प्रयोगशाळा थाटून ईशान्य ब्राझीलच्या राज्यांतून प्रवास केला आणि मुठीत मावणाऱ्या सिक्वेन्सरवर, म्हणजे जनुकक्रम वाचणाऱ्या यंत्रावर, जागच्या जागी जनुकक्रम लावण्याचा प्रयत्न केला. रक्तातला विषाणू इतका विरळ होता की आधीची पद्धत पुरी पडेना. म्हणून जनुकसंचाचे लहान लहान, एकमेकांवर चढणारे तुकडे करून ते वाढवण्याची पद्धत त्यांनी बसवली, जी आज जगभर, आपल्याकडेही, रोजच्या वापरात आहे. शेवटी मुख्यतः ब्राझीलचे ५४ पूर्ण व अपूर्ण जनुकक्रम हाती लागले आणि रेण्वीय घड्याळाने, म्हणजे बदलांच्या ठरावीक वेगावरून काळ मोजण्याच्या हिशेबाने, मागे मोजत गेल्यावर दिसले की झिका ईशान्य ब्राझीलमध्ये २०१४ च्या सुरुवातीपासून, म्हणजे ओळख पटण्याच्या वर्षभराहून आधीपासून, पसरत होता. आपल्याला ‘कोणी आणला’ यापेक्षा ‘कधीपासून आहे’ याचे उत्तर अधिक उपयोगाचे असते, असे माझे मत आहे, कारण त्यावरून आपली नजर किती काळ चुकली हे कळते.

आता आपल्या भागाला थेट लागू पडणारी गोष्ट सांगतो. रियुनियनवर एडिस इजिप्ती फारसा नाही. तिथे एडिस अल्बोपिक्टस, ज्याला टायगर मॉस्किटो म्हणतात, तो मुबलक आहे. साथीच्या सुरुवातीच्या विषाणूंत ई१ या बाह्य आवरणावरच्या प्रथिनाच्या २२६ व्या स्थानी ॲलनिन हे अमिनो आम्ल होते. २००५ च्या सप्टेंबरनंतर मात्र ९० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत तिथे व्हॅलिन आले होते, आणि हा फरक साखळीतल्या सायटोसिन या एका अक्षराच्या जागी युरासिल हे अक्षर आल्याने पडला होता. प्रयोगशाळेत तपासल्यावर दिसले की या एका बदलाने विषाणू अल्बोपिक्टस डासात कितीतरी सहज रुजतो. भारतातल्या २००६ च्या विषाणूंत हा बदल नव्हता. २००७ मध्ये केरळात तो स्वतंत्रपणे अवतरला. तिथे रबराच्या मळ्यांत चीक गोळा करण्यासाठी झाडाला बांधलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साठते, आणि त्यात वाढतो तो हाच डास. आशियाई जनुकप्रकार कित्येक दशके अल्बोपिक्टसच्या प्रदेशात वावरूनही हा बदल का साधू शकला नाही, याचेही उत्तर पुढे मिळाले: त्याच प्रथिनाच्या ९८ व्या स्थानावरचे वेगळे अमिनो आम्ल २२६ च्या बदलाचा फायदा रोखून धरते. दक्षिण सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात, आता रबराच्या लागवडी आहेत आणि माडा-पोफळीच्या बागांत करवंट्या, प्लास्टिकचे कागद यांत पाणी साठतेच. आपल्या नमुन्यांत २२६ व्या स्थानी काय आहे हे कळले, तर डासांच्या अळ्या शोधण्याचे कंटेनर सर्वेक्षण घरातल्या हौद-पिंपांपुरते ठेवायचे की बागांतही न्यायचे याचा अंदाज घेता येईल. एकाच अक्षरावर सगळी मोहीम बेतू नये हे खरे. दोन्ही डास दोन्ही प्रकारचे विषाणू वाहू शकतात, फरक कमी-अधिक सोयीचा आहे. पण सर्वेक्षणाच्या पथकाला बागेत शिरायला सांगण्याइतका आधार त्यात नक्की आहे.

केरळच्या त्याच वर्षी इटलीत जे झाले त्यात आपल्या प्रश्नाचे उरलेले उत्तर आहे. एमिलिया-रोमान्या प्रदेशातल्या दोन छोट्या गावांत २००७ च्या उन्हाळ्यात चिकुनगुन्या पसरला आणि दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. युरोपातल्या स्थानिक डासांमार्फत झालेली ही त्याची पहिली साथ. साथीचा आरंभ केरळहून जूनमध्ये आलेल्या एका पाहुण्यापर्यंत नेता आला. पण तो पाहुणा जनुकक्रमातून सापडला नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन कोणाला कधी ताप आला, कोण कुठून आले होते, हे विचारले आणि तारखांची मांडणी केली, तेव्हा तो सापडला. जनुकक्रमाने नंतर एवढेच सांगितले की विषाणू हिंदी महासागर आणि भारतातल्या त्या वर्षीच्या विषाणूंशी जुळतो, तेव्हा ही हकीकत खरी असू शकते. अल्बोपिक्टस तिथे टायरांच्या व्यापारातून आधीच येऊन स्थिरावला नसता, तर त्या पाहुण्याचा ताप त्याच्यापुरताच राहिला असता. यात त्या माणसाचा दोष काय? ताप अंगात असताना प्रवास करणारा माणूस आणि त्याच्या अंगणात डास वाढू देणारे साचलेले पाणी, या दोहोंपैकी आपल्या हाती दुसरेच आहे, आणि गावाला हे आपणच समजावून सांगायचे आहे.

नमुन्यांविषयी आता. आपण पाठवलेल्या यादीत बहुतेक नमुने आयजीएम (संसर्गानंतर शरीर बनवते त्या प्रतिपिंडांचा एक प्रकार) पॉझिटिव्ह म्हणून निवडलेले दिसतात. निदानासाठी ते बरोबर आहे, सिक्वेन्सिंगसाठी नाही. आयजीएम दिसू लागते तोवर रक्तातला विषाणू बहुतेक ओसरलेला असतो; आम्हाला तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतले रक्त हवे. पीसीआरमध्ये सीटी (हा आकडा जितका कमी तितका विषाणू जास्त) ३० च्या खाली आली तर पूर्ण जनुकक्रम मिळण्याची चांगली आशा असते, ३५ च्या पुढे गेली तर तुकडे हाती लागतात आणि मधली मोठी जागा रिकामी राहते. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) ट्यूबमधले रक्त पाठवू नये, ते पीसीआरला अडवते. सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचा द्रव, वेगळे करून छोट्या कुप्यांत भरावे आणि पुन्हा पुन्हा वितळू देऊ नये. कुपीवर शाईच्या पेनाने लिहिलेले नाव बर्फाच्या डब्यात पुसले जाते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याविषयी मला तळमळीने सांगावेसे वाटते: शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी पारदर्शक चिकटपट्टीखाली लावा, आणि नावाऐवजी क्रमांक लिहा. त्या क्रमांकापुढे नोंदवहीत ताप आल्याची तारीख, रक्त घेतल्याची तारीख, वाडी आणि मागच्या १५ दिवसांतला प्रवास एवढे असावे. रक्त घेतल्याची तारीख नसलेला नमुना रेण्वीय घड्याळाला निरुपयोगी ठरतो. एकाच आठवड्यातले, एकाच वाडीतले वीस नमुने पाठवण्यापेक्षा चार वाड्यांतले, साथीच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिळून दहा पाठवा. जमल्यास डासही पाठवा: एकाच जातीच्या, एकाच वाडीतल्या माद्या वीस-पंचविसाच्या गटाने, जागा आणि तारीख लिहून.

आमच्या बाजूने काय चुकू शकते हेही आपल्याला माहीत असावे. काही वर्षांपूर्वी मी तीन गावांतले सहा नमुने एका खेपेत लावले आणि सहाही जनुकक्रम एकाही अक्षराचा फरक न पडता सारखे आले. तीन गावे एकाच साखळीत गुंफली गेली असा अहवाल लिहायला मी बसलोही होतो. मग नियमाप्रमाणे पाण्याच्या कुपीचे, म्हणजे ज्यात विषाणू असायलाच नको अशा नमुन्याचे, रीड्स (यंत्राने वाचलेले क्रमाचे तुकडे) उघडले, आणि त्यातही तोच जनुकक्रम शेकडो रीड्सनिशी बसलेला दिसला. आदल्या आठवड्यात वाढवलेले तुकडे टेबलावरून, पिपेटवरून या खेपेत शिरले होते. सगळी खेप टाकून दिली, खोली बदलली, उरलेल्या सीरममधून पुन्हा काम केले. सहापैकी चारांचेच क्रम मिळाले आणि त्यातला एक वेगळ्या फांदीवर बसला. तो चुकीचा अहवाल गेला असता तर एका गावावर विनाकारण ठपका आला असता. म्हणून आपल्याला अहवाल मिळेल तेव्हा निष्कर्षाआधी पाण्याच्या कुपीचा निकाल आणि प्रत्येक नमुन्याचे कव्हरेज, म्हणजे जनुकसंचाचा किती भाग वाचला गेला, मागून घ्या. चांगली प्रयोगशाळा ते न मागताही देते.

आता आपल्या दोन घरांकडे येतो. आपण दिलेल्या तक्त्यानुसार चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत आले आणि पहिल्या सहा रुग्णांना ताप आला तो चतुर्थीनंतरच्या चौथ्या ते आठव्या दिवसात. पाहुण्याच्या अंगातून डासात, डासाच्या लाळेत आणि तिथून गावकऱ्याच्या तापापर्यंत हा फेरा उष्ण हवेत थोडा लवकर पुरा होतो हे धरले, तरी सहा ते दहा दिवसांत सहा जण, तेही तीन वेगळ्या वाड्यांतले, आजारी पडणे या हिशेबात मोठ्या कष्टाने बसते. त्यांना चावलेले डास पाहुणे येण्याआधीच बाधित असण्याची शक्यता मला अधिक वाटते. आपणच लिहिले आहे की जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यूसाठी घेतलेली, एनएस१ या डेंग्यूच्या चाचणीत निगेटिव्ह आलेली नऊ सीरम केंद्राच्या फ्रीझरमध्ये पडून आहेत. साथीतले नमुने थोडे थांबले तरी चालतील. ही नऊ आधी पाठवा, म्हणजे चिकुनगुन्याची पीसीआर त्यांच्यावर लगेच करता येईल. एकही पॉझिटिव्ह आला नाही तर त्यातून काही सिद्ध होणार नाही, कारण नऊ नमुने फारच थोडे आहेत आणि साध्या फ्रीझरमध्ये आरएनए हळूहळू मोडते. पण एक जरी पॉझिटिव्ह आला आणि त्याचा जनुकक्रम साथीतल्या नमुन्यांच्या फांदीवर बसला, तर पाहुणे येण्याआधी विषाणू वाडीत होता हे ग्रामसभेत सांगायला आपल्याला माझ्या वृक्षाचीही गरज पडणार नाही. त्या कुपीवरची तारीख पुरेल. मंगळवारच्या गाडीने पाठवलीत तर बर्फ टिकून नमुने बुधवारी सकाळी इथे पोहोचतात.